सोळा डबे, एक बरणी

शेजारीणबाईंचे यजमान गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला, जॉन्सन काउंटीतल्या ज्या गल्लीत माझी लेक राहते, तिथलं त्यांचं घर सगळ्यांत जुनं. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी वर्षातले पाच महिने इथे असते. सप्टेंबरात आले तेव्हा बाई भेटायला आल्या आणि चहा संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही केमिस्ट्री शिकवायच्या ना? खाली तळघरात त्याची दारू पडून आहे. पुतण्या म्हणतो, हजार डॉलरचा माल आहे. मला मात्र त्या कपाटाजवळून जायचीसुद्धा भीती वाटते. एकदा बघाल का?"

दारू म्हणजे बंदुकीची दारू. अमेरिकेत नेमबाजीचा आणि शिकारीचा नाद असलेली पुष्कळ माणसं आपली काडतुसं स्वतःच भरतात. गोळी सुटली की पितळी पुंगळी रिकामी होऊन बाहेर पडते. ती स्वच्छ करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाची टोपी बदलायची, तोलून दारू घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. याला इथे रिलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात म्हणून सुरुवात होते आणि पुढे तो छंद माणसाला धरून ठेवतो. दारू पौंडाच्या डब्यात मिळते. एका पौंडात सात हजार ग्रेन आणि काट्यावर हिशेब ग्रेनच्या दहाव्या भागाचा. आपल्याकडे सोनार गुंज तोलतो तसं हे काम.

मला या विषयाची ओढ वाटायला आणखी एक कारण होतं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. फाटकावर काडेपेटी काढून घेत आणि आत जाताना बिनखिळ्यांचे बूट घालावे लागत, एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. दिवाळीला आमच्याकडे फटाके यायचे, भरपूर यायचे. पण उरलेले फटाके पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवायला त्यांची सक्त मनाई होती. शेजारच्या घरांत मागच्या वर्षीच्या लवंगी माळा गच्चीवर उन्हात वाळत पडलेल्या असायच्या आणि आमच्या उरलेल्या माळा भाऊबीजेच्या रात्री बादलीत बुडायच्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

तळघरात उतरलो. कपाट लाकडी होतं, भिंतीपासून वीतभर पुढे सरकवलेलं, हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात. आत सोळा डबे होते आणि सगळ्यांत खालच्या फळीवर एक काचेची बरणी. सोळा पौंड म्हणजे सव्वासात किलो. इथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे राहत्या घरात वीस पौंडांपर्यंत बिनधुराची दारू मूळ डब्यांतून ठेवता येते आणि त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत ठेवायची तर इंचभर जाड फळ्यांची लाकडी पेटी लागते. गृहस्थांनी वीसच्या आतच राहून पेटीही केली होती. प्रत्येक उघडलेल्या डब्यावर मेणाच्या पेन्सिलीने तारीख होती. कपाटाच्या दारामागे खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली. कोणत्या दिवशी कोणता डबा, किती ग्रेन, किती वजनाची गोळी, कागदावर छिद्रं किती जवळ पडली, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. ती वही चाळली आणि हा माणूस मी कधी नीट भेटलेच नाही याचं वाईट वाटलं.

त्या दिवशी मी एकाही डब्याला हात लावला नाही. मी शिकवलेली केमिस्ट्री पुस्तकातली आणि हे काम हाताचं. बाईंच्या यजमानांचा जो नेमबाजी क्लब होता, तिथल्या एका म्हाताऱ्या सभासदाला आम्ही बोलावलं. पन्नास वर्षं काडतुसं भरणारा माणूस. तो येईपर्यंतच्या आठवड्यात मी वाचत बसले.

काळी दारू आपल्याला ठाऊक आहे. सोरा, कोळसा, गंधक. गडावरच्या दारूकोठारात जी होती ती हीच आणि कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते तिच्यातही हीच. तिला म्हातारपण येत नाही. तिन्ही पदार्थ एकमेकांशेजारी नुसते बसलेले असतात, ठिणगी पडेपर्यंत कुणी कुणाला त्रास देत नाही. ओल लागली की ती निकामी होते, पण कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही तेवढीच तिखट असते. २००८ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनिया राज्यात अमेरिकन यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना फुटला आणि जुन्या गोळ्यांचा संग्रह करणारा एक माणूस आपल्याच घराच्या अंगणात गेला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षं जुना होता. "इतकी जुनी आहे, आता काय होणार" असं काळ्या दारूबद्दल म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं.

बाईंच्या कपाटात होती ती दारू वेगळ्या जातीची. तिचं मूळ कापसात आहे. १८४६ मध्ये बाझलच्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवलेल्या कापसाची करामत जगाला सांगितली. दिसायला कापूसच, पण काडी लावली की राखही मागे न ठेवता भस्सकन जळणारा. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा कारखाना उडाला. कापसाच्या नळीसारख्या तंतूंत आम्ल लपून राहत होतं आणि तेच आतून पेट घेत होतं. कापूस कुटून, उकळून, पुन्हा पुन्हा धुवायला हवा हे फ्रेडरिक एबेलने १८६५ च्या सुमारास दाखवलं, तेव्हा कुठे तो हाताळण्याजोगा झाला. मग १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच अभियंत्याने तो द्रावकात मळून, लाटून, त्याच्या चकत्या केल्या. पहिली बिनधुराची दारू ही. रणांगणावरचा धूर गेला आणि बंदुकीचा पल्ला वाढला. आजच्या प्रत्येक काडतुसात त्या शोधाचीच वंशावळ आहे.

पण धुतलेला, मळलेला, वाळवलेला असला तरी हा कापूस स्वस्थ बसत नाही. त्याच्या रेणूला चिकटवलेले नायट्रोजनचे गट अगदी हळूहळू सुटत राहतात. तळघरात, बंद डब्यात, अंधारात, वर्षानुवर्षं. सुटलेला वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळून पुन्हा आम्ल बनतो आणि ते आम्ल आणखी रेणू तोडतं. जेवढं तुटतं तेवढं तुटण्याचा वेग वाढत जातो. म्हणून दारू मळतानाच तिच्यात शेकडा एकाच्या आसपास डायफेनिलअमाईन नावाचा पदार्थ घालतात. तो तुटणं थांबवत नाही. सुटलेला वायू धरतो आणि त्या कामात स्वतः खर्ची पडतो. पैठणीच्या ट्रंकेत आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. कसर लागत नाही, पण गोळी दरवर्षी बारीक होत जाते. एक दिवस कागदाची नुसती पुडी उरते आणि आपण मात्र गोळी आहे या भरवशावर ट्रंक बंद ठेवलेली असते. दारूच्या डब्यातही हेच होतं. तिचं वय म्हणजे छापलेलं साल नव्हे, आत किती डायफेनिलअमाईन शिल्लक आहे, ते.

आणि ते किती वेगाने संपेल हे ठरवते उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे विघटन साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालतं. कॅन्ससच्या तळघरात बारा महिने वीस अंशांच्या आसपास असतं. तोच डबा उन्हाळ्यात पन्नास अंशांपर्यंत तापणाऱ्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये ठेवला तर त्या दिवसांत तो आठ ते सत्तावीस पट वेगाने म्हातारा होतो. म्हणून साठ वर्षांपूर्वीची दारू आजही मापात जळणारी सापडते आणि पंधरा वर्षांची नासलेली. लष्करं आपल्या साठ्यातला नमुना काढून साडेपासष्ट अंशांच्या भट्टीत ठेवतात आणि तांबडा धूर यायला किती दिवस लागतात ते मोजतात. घरी ही सोय नाही. घरी नाक आणि डोळे.

क्लबातले आजोबा आले ते आपल्याबरोबर पांढरे कागद, पितळी चमचा आणि चष्मा घेऊन. त्यांनी पहिला प्रश्न बाईंना विचारला, "हे कपाट नेहमी इथेच होतं?" बाई म्हणाल्या, "एकोणीसशे शहात्तरपासून." मग विचारलं, "वही आहे?" वही पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी डब्यांचे तीन गट केले. सहा सीलबंद, दहा उघडलेले, आणि बरणी बाजूला.

उघडलेल्यांपैकी पहिला डबा त्यांनी हाती घेतला, झाकण फिरवलं, नाक डब्यात न घालता हातानेच हवा नाकाकडे लोटली आणि मला तसंच करायला सांगितलं. गोडसर, झणझणीत, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. "हा ईथर आणि अल्कोहोलचा. कारखान्यातला. हा वास येतोय तोवर जीव आहे." चमचाभर दारू कागदावर ओतली. मोहरीपेक्षा लहान, कापलेल्या शिसपेन्सिलीच्या तुकड्यांसारखे दाणे, ग्राफाइटने चमकणारे, एकमेकांना न चिकटता घरंगळणारे. कागद तिरका करून त्यांनी ती परत त्याच डब्यात सोडली. कागदावर काळसर पुसट रेघ राहिली, तांबडं काहीच नाही. असे नऊ डबे झाले.

दहाव्या डब्याचं झाकण फिरेना. पत्र्याच्या गळ्याशी गंज चढला होता. त्यांनी तो डबा तळघरात उघडलाच नाही. अंगणात सावलीत नेला, आम्हाला मागे उभं केलं आणि हातमोजे घालून झाकण सैल केलं. चार पावलांवरूनही वास आला, नाकात बोचणारा, आंबट, प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाची बाटली उघडी राहिली की यायचा तसा. चाळीस वर्षं ज्या वासाशी माझी ओळख, तो मी एका क्षणात ओळखला. झाकणाच्या आतल्या बाजूला विटेच्या भुकटीसारखी तांबूस धूळ बसली होती. दाणे ढेकूळ होऊन चिकटलेले. मी वही उघडली. या डब्याची एकच नोंद होती: एका मित्राच्या गॅरेजमधून आणलेला, अजून वापरलेला नाही. बाकीचे सगळे डबे एकाच कपाटात मोठे झाले होते, हा एकच बाहेरून आला होता.

"असला डबा म्हणजे बॉम्ब का?" बाईंनी विचारलं. आजोबांनी घाई न करता उत्तर दिलं. पौंडभराच्या डब्यात जी थोडी उष्णता तयार होते ती पत्र्यातून बाहेर निघून जाते, म्हणून बहुतेक वेळा डबा नुसता नासतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, म्हणून तो आजपासून घरात राहणार नाही. आणि मोठ्या पिंपात असती, तर ते इथे थांबलेच नसते.

मोठ्या साठ्यात काय होतं ते फ्रान्सने पाहिलं आहे. आपल्या व्हिएयच्या दारूत तिथे डायफेनिलअमाईनऐवजी अमाइल अल्कोहोल घालत. ते उडून जाई आणि दारू उघडी पडे. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँच्या गोदीत कोरड्यात उभ्या असलेल्या 'इएना' या युद्धनौकेची कोठारं एकामागून एक पेटली. गोदीत पाणी सोडलं तर आग विझेल म्हणून शेजारच्या नौकेने गोदीच्या दारावर तोफ डागली, दार तुटलं नाही. शेवटी रू नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हाताने पाण्याची झडप उघडली आणि उडत्या लोखंडाने तो तिथेच पडला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. चार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ ला, त्याच तुलाँ बंदरात 'लिबर्ते' उडाली आणि तीनशेच्या घरात माणसं गेली. त्यानंतर फ्रेंचांनी डायफेनिलअमाईन घेतलं. शेजारचे देश ते आधीपासून घालत होते. चिमूटभर पदार्थाच्या हट्टापायी इतके जीव जावेत, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचंच आहे असंही नाही. लुइझियाना राज्यातल्या कँप मिंडेन या जागी तोफांच्या जुन्या दारूचा साठा होता. लष्कराची कालबाह्य दारू सोडवून, खाणींतल्या सुरुंगांसाठी विकून पैसे करायचे, असा एका खासगी कंपनीचा धंदा. माल खपला नाही, साचत गेला. १५ ऑक्टोबर २०१२ ला तिथे स्फोट झाला आणि तपासाला गेलेल्यांना दीड कोटी पौंडांहून अधिक दारू पोत्यांत, खोक्यांत, काही तर उघड्यावर पडलेली सापडली. डायफेनिलअमाईन दर दिवसाला कमी होत होतं, म्हणून वाट पाहायलाही सवड नव्हती. ती उघड्यावर जाळायला गावकऱ्यांनी विरोध केला, मग बंद भट्टी बसवून २०१७ च्या वसंतात शेवटची पोती जळाली. जुन्या दारूला भाव आहे असं मानणाऱ्यांनी एवढा साठा केला आणि तो नष्ट करायला सरकारला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले.

हे वाचताना मला पुण्याची ८ जानेवारी २००३ ची दुपार आठवली. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेतली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कोठी पेटली आणि जुन्या चित्रपटांची पाच हजारांवर रिळं गेली. ती रिळं नायट्रेट फिल्मची होती. नायट्रेट म्हणजे हाच कापूस, फक्त नायट्रोजन जरा कमी. फाळक्यांपासून प्रभातपर्यंत आपला सगळा आरंभीचा सिनेमा या बंदुकीच्या दारूच्या सख्ख्या बहिणीवर उमटलेला होता. तीही उष्णतेत आतून कुजते, चिकट होते आणि शेवटी तांबडी भुकटी होते. तेव्हा आम्ही सिनेमाचं दुःख केलं. त्यामागची रसायनशास्त्राची गोष्ट मी वर्गात सांगायला हवी होती आणि सांगितली नाही.

सीलबंद सहा डब्यांकडे वळताना आजोबांनी एकावर बोट ठेवलं. लेबलवर ४८३१ असा आकडा. त्या आकड्यामागे याच काउंटीची गोष्ट आहे. ब्रूस हॉजडन नावाचा गॅस कंपनीचा एक विक्रेता इथे राहत असे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने उरलेली दारू जाळून टाकली, हे त्याच्या लक्षात होतं. दुसरं युद्ध संपल्यावर त्याने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि पन्नास हजार पौंड लष्करी दारू विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा एक जुना डबा आणून भाड्याच्या कुरणात उभा केला. १९४७ च्या सुरुवातीला एका मासिकात इंचभर जाहिरात दिली. दीडशे पौंडांचं पिंप तीस डॉलरला, वाहतूक वेगळी. पुढे त्याने वीस मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांसाठी केलेली ४८३१ जातीची दारूही अशीच आणली. एका अख्ख्या पिढीने या दारूवर काडतुसं भरायला शिकून घेतलं. म्हणजे जुनी दारू वापरायची का, या प्रश्नाला एकदा तरी इतिहासाने ठामपणे 'हो' म्हटलं आहे. ती नीट केलेली होती, नीट ठेवलेली होती आणि काय आहे ते विकणाऱ्याला माहीत होतं.

पण याच आकड्यात एक फास आहे. १९७० च्या दशकात ड्यूपाँने स्वतःची ४८३१ बाजारात आणली. आकडा तोच, पण ती हॉजडनच्या दारूपेक्षा वेगाने जळते. एकीचं माप दुसरीला लावलं तर बंदुकीच्या नळीत दाब भलताच चढतो. शिवाय हॉजडनच्या नावाने आज मिळणारी ४८३१ ऑस्ट्रेलियात नव्याने बनते, ती त्या लष्करी मालाशी तंतोतंत सारखी असेलच असं नाही. म्हणून डब्यावरचं नाव पूर्ण वाचायचं, पुस्तक त्या काळचं घ्यायचं आणि कमीत कमी मापापासून सुरुवात करायची. आजोबा म्हणाले, "दारू नासल्यामुळे मेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. डबा चुकल्यामुळे बोटं गेलेले दोन आहेत."

बरणी त्यांनी उचलून उजेडात धरली. शेंगदाण्याच्या लोण्याची जुनी बरणी, अर्धी भरलेली, दाणे निरोगी दिसणारे, बारीक चकत्यांसारखे. लेबल नाही. वहीत शोध घेतला, नोंद नाही. एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या कपाटात ही कशी आली, कोण जाणे. भरताना उरलेली दारू कुठल्या डब्यातली ते विसरलं असेल, आणि टाकवली नसेल. त्यांनी झाकणही उघडलं नाही. "ही सगळ्यात धोकादायक." आंबलेला डबा निदान ओरडून सांगतो. ही चांगली दिसत होती.

मग पैशांची गोष्ट. पुतण्याचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. महासाथीच्या टंचाईनंतर आणि युक्रेनच्या युद्धानंतर नायट्रोसेल्युलोज तोफांकडे वळलं आणि जो पौंडाचा डबा पंचवीस-तीस डॉलरला मिळे तो पन्नासच्या आसपास गेला. सोळा डबे गुणिले साठ, असं त्याने कागदावर मांडलं होतं. पण उघडलेला डबा शहाणा माणूस परक्याकडून घेत नाही. आत लेबलवरचीच दारू आहे याला साक्षीदार एकच, आणि तो गेलेला. टपालाने दारू पाठवता येत नाही, खासगी वाहतुकीला धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो, त्यामुळे गिऱ्हाईक गावातलंच हवं. सहा सीलबंद डबे क्लबातल्या दोघांनी मिळून प्रत्येकी पंचवीस डॉलरने घेतले. दीडशे डॉलर.

उघडलेले नऊ चांगले डबे जाळायचे हे माझ्या जिवावर आलं. वही होती, तारखा होत्या, दारू निरोगी होती. मी तसं बोलूनही दाखवलं. आजोबा म्हणाले, "त्याच्यावर माझा विश्वास आहे. त्याच्यानंतरच्या आठ महिन्यांत इथे कोण कोण येऊन गेलं ते मला माहीत नाही." पुतण्याने डबे खाली-वर केले होते, एक-दोन उघडूनही पाहिले होते. मला पटलं, आणि अजून पटतं. माणूस असताना जी दारू उत्तम होती, ती त्याच्या मागे पोरकी झाली.

अग्निशमन दलाला फोन करून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, एका ओल्या आणि वारा नसलेल्या सकाळी क्लबाच्या मोकळ्या मैदानावर हे काम झालं. आंबलेला डबा तोवर अंगणाच्या टोकाला, सावलीत, झाकण सैल ठेवून होता. एका वेळी थोडीच दारू, खडीवर बोटभर जाडीच्या पट्टीत पसरलेली. एका टोकाला लांब वळलेला कागद, आणि सगळे बरेच मागे. मला धडाक्याची भीती होती. आवाज झाला तो स्टोव्ह भडकावा तसा, नुसता हुप्प. कमरेएवढी पिवळी ज्वाळ पट्टीवरून धावत गेली आणि संपली. बंदिस्त नसेल तर ही दारू स्फोट करत नाही, जळते. नळीत कोंडली की तिचाच दाब गोळी फेकतो. तेरा-चौदा पट्ट्या जाळायला दुपार झाली. शेवटी बरणीतली. ती बाकीच्यांपेक्षा कितीतरी झटकन गेली. वेगाने जळणारी, पिस्तुलाची दारू होती ती. कुणी रायफलीची समजून भरली असती तर, या विचाराने आजोबा बराच वेळ त्या खडीकडे पाहत राहिले.

मला त्या क्षणी वर्धा जिल्हा आठवत होता. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ लष्कराचा कालबाह्य दारूगोळा नष्ट करायला नेलेली खोकी उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर. त्या भागातली माणसं स्फोटानंतर उरणारं पितळ आणि लोखंड वेचायला जातात, कारण त्या भंगाराला भाव येतो. जुनी दारू फुकट गेली तरी तिचं कवच कुणाच्या तरी घरची चूल पेटवतं. इथे मात्र आम्ही चार निवृत्त माणसं, चष्मे लावून, अग्निशमन दलाला विचारून, एका वेळी थोडी थोडी जाळत होतो. हे असंच व्हायला हवं. पुलगावलाही असंच व्हायला हवं होतं.

रिकामे डबे आजोबांनी पाण्याने दोनदा धुतले, आतून तपासले. जुने पत्र्याचे डबे जमवणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांना आतल्या दारूत रस नसतो, लेबलवरच्या छपाईत असतो. हर्क्युलीस कंपनीच्या 'बुल्सआय'चा एक चौकोनी डबा होता. ती दारू १८९८ पासून आहे, कंपन्या बदलल्या तरी नाव टिकलं. बाकीच्यांतले चार डबे एका संग्राहकाने साठ डॉलरला नेले, तो डबा बाईंनी विकला नाही. मला देऊ केला. मी वडिलांबद्दल सांगितलं होतं, म्हणून.

तो घ्यायचा मोह मला झाला. पण ही दारू नायट्रोग्लिसरीनची, तिचा अंश पत्र्याच्या सांध्यात धुतल्यावरही राहतो. विमानतळावर सामानावरून कापडाचा बोळा फिरवून यंत्रात घालतात ते नेमका हाच अंश हुंगायला. साठी उलटलेल्या मराठी बाईने पुण्याच्या विमानाच्या रांगेत खडकीपासूनची गोष्ट किती जणांना सांगायची. डबा बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. त्यात त्या पुढच्या वसंतासाठी झेंडूचं बी ठेवतात, आणि झाकणावर मेणाच्या पेन्सिलीने तारीख घालतात.